जुन्या रोलीफ्लेक्समधील बुरशी आणि तिची स्वच्छता

जर्मनीतील ब्राउनश्वाइगच्या फ्रांके आणि हायडेके या कंपनीने 1929 मध्ये बाजारात आणलेल्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यात दोन लेन्स एकावर एक बसवलेल्या असतात. वरच्या लेन्समधून आलेली प्रतिमा 45 अंशांत कललेल्या आरशावरून दुधी काचेवर पडते, तर खालची लेन्स तेच दृश्य फिल्मवर उमटवते. काच, आरशाचा मुलामा, भिंगे जोडणारी राळ, काळा रंग आणि वंगण असे भिन्न प्रकृतीचे पदार्थ येथे अगदी जवळजवळ असल्यामुळे या कॅमेऱ्यातील बुरशी काढताना प्रत्येक भागाला वेगळा न्याय द्यावा लागतो.

हवेतील सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जितकी वाफ धरू शकते तिच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेली वाफ, 70 टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशीचे बीजाणू रुजतात. कोकणातील आणि मुंबईतील पावसाळ्यात ही स्थिती महिनोन्‌महिने टिकते. धूळ, बोटांचे ठसे आणि वंगणाची वाफ यांवर ही बुरशी पोसते, आणि ओल धरून ठेवणारी चामड्याची पेटी तिला आणखी पोषक ठरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरणारे तिचे तंतू आम्ले स्रवतात आणि ती आम्ले प्रथम लेन्सवरील परावर्तनरोधक लेप व पुढे काचही कोरतात. झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 मध्ये विकसित केलेल्या पद्धतीतून रूढ झालेला हा लेप मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकाच जाड असतो.

पॉल रुडोल्फ यांनी 1902 मध्ये रचलेली टेसार ही लेन्स अनेक रोलीफ्लेक्समध्ये आढळते. तिच्या चार भिंगांपैकी मागची दोन जुन्या लेन्समध्ये कॅनडा बाल्सम या राळेने जोडलेली असल्यामुळे ती द्रावणात कधीही बुडवू नयेत. दोन टोकांच्या पान्याने कडी सैल करण्यापूर्वी भिंगाची दिशा पेन्सिलीने नोंदवतात. मग रबरी फुग्याने धूळ उडवून, लेन्सच्या कागदावर शुद्ध अल्कोहोलचा थेंब घेऊन, दाब न देता मध्यापासून कडेकडे गोलाकार पुसतात, मात्र कडेचा काळा रंग अल्कोहोलने विरघळू शकतो म्हणून तेथे हात आवरता घेतात. तंतू निघाले नाहीत, तर 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात.

आरशाचे पथ्य याहून कडक आहे. घरच्या आरशात मुलामा काचेच्या मागे असतो, येथे तो पुढच्या पृष्ठावर उघडा असतो. त्यामुळे कापडाच्या एकाच फटकाऱ्याने तो निघून येऊ शकतो, आणि फुग्याने धूळ उडवण्यापलीकडे सहसा काही केले जात नाही.

बुरशी निघते, पण तिने कोरलेली रेघ निघत नाही. ती घासून काढू पाहणारा लेप गमावतो आणि भिंगाची वक्रताही बिघडवतो. विजेरीच्या तिरप्या प्रकाशात भयावह दिसणारी फिकट रेघ छायाचित्रात बहुधा उमटतही नाही. प्रकाशाकडे तोंड करून घेतलेल्या चित्रातच तिच्यामुळे उठाव कमी झालेला जाणवतो. म्हणून स्वच्छतेचा खरा निकष छायाचित्र हाच मानावा, आणि ते समाधानकारक असेल तेथे हत्यार खाली ठेवण्यातच कारागिराचे कौशल्य आहे. त्यानंतर 40 ते 50 टक्के आर्द्रतेचे कपाट, वेळोवेळी सुकवलेली सिलिका जेल आणि कॅमेऱ्याचा नियमित वापर यांनीच त्या श्रमाचे चीज होते.