नोकरी घरून, पण ऑफिसचा पत्ता नाही : वसई सोडायची का?

गेले काही महिने आपल्या दुकानदारांच्या बॅचमध्ये एक वेगळाच प्रश्न यायला लागलाय. प्रश्न नोकरीचा आहे, पण येऊन पडतो तो धंद्यावर. घरातल्या एकाला, कधी बायकोला, कधी मुलाला, बाहेरगावच्या कंपनीत रिमोट नोकरी लागते. पगार चांगला असतो. कंपनी म्हणते, "सध्या घरूनच करा, ऑफिसचं पुढे कळवू." आणि घरात चर्चा सुरू होते. आत्ताच तिकडे राहायला जायचं का? आणि गेलो तर गाळ्याचं काय करायचं?

बॅचमधल्याच एका जोडप्याचा हिशेब घेऊ. आकडे मी गोल केलेत. नालासोपारा पूर्वेला दादांचं शालेय साहित्याचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. सगळा खर्च जाऊन महिन्याला ३८,००० सुटतात. ताई अंधेरीला अकाउंट्सचं काम करतात, हातात ३५,००० येतात. आता पुण्याच्या एका कंपनीकडून ६५,००० ची ऑफर आलीय. घर स्वतःचं, वन बीएचके. मुलगी दुसरीत, आणि दादांची आई सोबत. एचआरवाली फोनवर सहज बोलून गेली, "पुण्यात असाल तर बरं पडेल." तेवढ्यावर घरात बिऱ्हाड बांधायची बोलणी सुरू झाली.

थांबा. आधी हे "बरं पडेल" किती वजनाचं असतं ते बघू.

कंपनीलाही पुढचं माहीत नसतं

टीसीएस घ्या. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने सांगितलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी जेमतेम २५ टक्के लोक ऑफिसात असतील, बाकीचे बाहेरून काम करतील. ऑक्टोबर २०२३ आला तोवर त्याच कंपनीने आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला बोलावलं. एप्रिल २०२४ पासून हजेरी थेट पैशाला जोडली : तिमाहीत ६० टक्क्यांच्या खाली हजेरी असेल तर व्हेरिएबल पे नाही. इन्फोसिसने मार्च २०२५ पासून कनिष्ठ आणि मधल्या फळीतल्या लोकांसाठी महिन्याचे किमान दहा दिवस ऑफिस ठरवलं. आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे झूम. घरून काम करण्यावर ज्यांचा धंदा उभा राहिला, त्यांनीच ऑगस्ट २०२३ मध्ये ऑफिसपासून ५० मैलांच्या, म्हणजे साधारण ८० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आठवड्यातून दोन दिवस यायला लावलं.

यात कोणी खोटं बोललं असं मला वाटत नाही. वरचा साहेब बदलतो, क्लायंट बदलतो, ऑफिसच्या जागेचं भाडं फुकट जायला लागतं, की धोरण फिरतं. एवढ्या मोठ्या कंपन्यांचे अंदाज तीन वर्षांत उलटे झाले, तर पन्नास-शंभर माणसांच्या कंपनीतली एचआरवाली दोन वर्षांनंतरचं काय सांगणार? त्यामुळे "ऑफिस उघडेल का नाही" याचा अंदाज बांधत बसू नका. तुमच्या हातात काय आहे, आणि त्यातलं कोणतं पाऊल परत घेता येतं, तेवढंच बघा. पुण्याला जाणं लांबणीवर टाकता येतं. सोडलेला गाळा परत मिळत नाही.

आधी पत्र वाचा

फोनवर "रिमोट" म्हणाले तरी ऑफर लेटरमध्ये काय लिहिलंय ते महत्त्वाचं. कामाचं ठिकाण म्हणून तुमच्या घरचा पत्ता आहे, का कंपनीचं शहर? बहुतेक पत्रांत खाली कुठेतरी एक ओळ असते की कंपनी तुमची बदली कुठल्याही ठिकाणी करू शकते. ती ओळ असेल तर "रिमोट" हा शब्द म्हणजे सवलत आहे, हक्क नाही. काही पत्रांत शिफ्टिंगचा खर्च कंपनी देते असं असतं, पण वर्षाच्या आत नोकरी सोडली तर तो परत द्यायचा, हेही तिथेच असतं. नोटीस पिरियड तीस दिवसांचा का नव्वद, प्रोबेशन किती महिन्यांचं, हे पण बघा.

मग फोन नाही, मेल करायचा. मी ताईंना चारच ओळींचा मेल लिहायला सांगितला : माझं कामाचं ठिकाण नालासोपारा असं पत्रात नमूद कराल का? ऑफिसला बोलावणार असाल तर आठवड्यातून किती दिवस आणि किती दिवस आधी सांगाल? तेव्हा शिफ्टिंगचा खर्च द्याल का? आणि मी बाहेरूनच काम करत राहिले तर बढतीवर परिणाम होईल का? शेवटचा प्रश्न लोक विचारतच नाहीत. डेलने २०२४ मध्ये रिमोट राहणं निवडणाऱ्यांना सरळ सांगितलं होतं की बढती मिळणार नाही.

उत्तर गोलगोल आलं, तर तेही उत्तरच आहे. त्यांचं ठरलेलं नाही. मग तुम्ही घाईने का ठरवायचं?

आता वही काढा

नेहमी सांगतो तसं, पगाराचा आकडा बघू नका, घराचा गल्ला बघा. आज या घरात ३५ आणि ३८ मिळून ७३ हजार येतात. ताईंनी नोकरी बदलून नालासोपाऱ्यातूनच काम केलं, तर ६५ आणि ३८, म्हणजे १ लाख ३ हजार.

सगळे पुण्याला गेले तर? पगार ६५. तिकडचं भाडं २२ धरा, इकडचा फ्लॅट भाड्याने देऊन ११ मिळतील. राहिले ५४ हजार, कारण दुकानाचे ३८ गेले. म्हणजे पगार जवळजवळ दुप्पट झाला आणि घरात आजच्यापेक्षा १९ हजार कमी आले! वर एकदाचा खर्च वेगळा : टेम्पो आणि हमाली २८ हजार, दलाली २२, शाळेचा नवा प्रवेश, गणवेश, पुस्तकं मिळून ४०, किरकोळ १०. झाला एक लाख. डिपॉझिट यात धरलेलं नाही, ते परत मिळतं, पण तोवर अडकतं.

दादा म्हणाले, "मी तिकडे नोकरी धरेन." धरा. २५ हजारांची मिळाली तर घरात ७९. आजच्यापेक्षा ६ हजार जास्त. त्या सहा-सहा हजारांनी तो एक लाख भरून निघायला सतरा महिने लागतात. मधल्या काळात कंपनीने "आता ऑफिस नको" म्हटलं किंवा प्रोबेशनमध्येच थांबवलं, तर परतीचा टेम्पो आपल्याच खिशातून. नोकरीच जाऊ शकते ही शक्यता आपले लोक वहीत लिहीतच नाहीत, अपशकुन वाटतो. लिहा.

"मग तिकडे दुकानच टाकतो" हे वाक्य तर मी बोलूच देत नाही. आमच्या बाजारात एका दुकानदाराने पूर्वेचं दुकान पश्चिमेला नेलं, मध्ये फक्त रेल्वेचा पूल. निम्मी गिऱ्हाईकं पूल चढली नाहीत. जून महिन्यात कुठली शाळा कोणत्या वह्या मागते, कोणाची उधारी द्यायची आणि कोणाची नाही, डिस्ट्रिब्युटरकडून किती दिवसांचं क्रेडिट मिळतं, ही सगळी दादांची दहा वर्षांची कमाई आहे. ती टेम्पोत चढत नाही.

तिसरा रस्ता असा. कंपनीने बोलावलंच, आठवड्यातून दोन-तीन दिवस, तर ताईंनी पुण्यात पीजी बघायचा. शेअरिंगमध्ये ९ हजार, जाणं-येणं आणि बाहेरचं खाणं ६ हजार. १ लाख ३ मधून १५ गेले, ८८ उरले. वहीत हा रस्ता पुण्याला सगळ्यांनी जाण्यापेक्षा सरस दिसतो. पण मुलगी सात वर्षांची आहे आणि आठवड्यातल्या दोन-तीन रात्री आई घरी नसणार. आजींच्या गुडघ्यांचं दुखणं आहे. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? मला विचाराल तर सहा महिने चालेल, दोन वर्षं नाही. पण हे मी नाही, त्या घराने बसून ठरवायचं, आणि आजींना विचारून.

ज्याचं वय चोवीस आहे, ज्याच्या मागे गाळा नाही, मूल नाही, त्याला एवढी वही लागत नाही. एक बॅग घ्या आणि जा. पुण्यात पुढची नोकरी शोधणंही सोपं जातं.

ऑफिस मुंबईतच निघालं तर

काही जणांना उलटा प्रश्न पडतो : कंपनी बाहेरची आहे, पण "बीकेसीला ऑफिस घेऊ शकतो" म्हणते, मग आत्ताच अंधेरी-गोरेगावला भाड्याने जाऊ का? याला माझं उत्तर सरळ नाही असं आहे. विरारहून मुंबईला लोकल १२ एप्रिल १८६७ ला सुरू झाली. आपला अख्खा पट्टा "काम तिकडे, घर इकडे" यावरच वसलाय. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर, फास्टने दीड तासाच्या आसपास. दारातून दारात जाऊन-येऊन चार तास धरा. पाच दिवसांचं ऑफिस असेल तर महिन्याला ८८ तास, दोन दिवसांचं असेल तर ३५ च्या आसपास. ८८ तास माणसाला झिजवतात. ३५ आपण सगळ्यांनी कधी ना कधी काढलेत.

फक्त एक करा. निर्णयाआधी आठवडाभर ऑफिसच्या वेळेला खरोखर जाऊन या. दुपारी बारा वाजता नाही, सकाळी आठला. नालासोपाऱ्याला गाडीत शिरता येतं का, का विरारचा पास काढून उलटं जाऊन सीट धरावी लागते, बांद्र्याहून पुढे रिक्षाला किती वेळ लागतो, हे पायांना कळू दे.

आणि घरूनच काम करणार असाल तर घर कामाचं करा. जुलै २०१८ चा पाऊस आठवतोय ना? नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली, वसईत वीज गायब. "आमच्याकडे लाइट नाही" हे कारण कंपनी एकदा ऐकते. इन्व्हर्टर, ब्रॉडबँडसोबत दुसऱ्या कंपनीचं सिम, आणि दार लावता येईल असा एक कोपरा. हा खर्च पुण्याच्या एका दलालीएवढा येतो.

जायचंच ठरलं तर

ऑफिसची तारीख लेखी आली, प्रोबेशन संपलं, आणि तरी जायचंय, तर जा, पण परतीचा रस्ता ठेवून. पुण्यातलं घर अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर घ्या. करारातला लॉक-इन नीट वाचा, तीन महिन्यांपेक्षा जास्त मान्य करू नका, नोटीस एक महिन्याची ठेवा. महाराष्ट्रात हा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते, तेव्हा "साध्या कागदावर करू" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. वसईचा फ्लॅट देतानाही अकराच महिन्यांचा करार, तशीच नोटीस. एचआरएची सवलत धरून भाडं ठरवत असाल, तर ती जुन्या करपद्धतीतच मिळते, नव्या पद्धतीत नाही, हे आधी बघून घ्या.

फ्लॅट विकू नका. विकून तिकडे घेतलं की स्टॅम्प ड्युटी, नोंदणी आणि दोन्हीकडची दलाली जाते, आणि परत यायचं झालं की तेच पुन्हा. गाळा भाड्याचा असेल तर एकदम सोडू नका. कामाला असलेल्या मुलाला पगारासोबत विक्रीवर थोडी टक्केवारी द्या, दादांनी आठवड्यातून दोन दिवस येऊन माल आणि उधारी बघायची, निदान एक जूनचा सीझन असा काढून बघायचा. गल्ला निम्म्यावर आला तरी गाळ्याचं भाडं निघतं का, एवढं तपासायचं.

मुलांची शाळा बदलणार असाल तर एप्रिल-मे मध्येच हलवा. आणि शाळा सोडल्याचा दाखला घाईने काढू नका. तिकडच्या शाळेची प्रवेशाची पावती हातात आली की मगच इकडे अर्ज द्या.

वरच्या हिशेबाचा कोरा तक्ता व्हिडिओत दाखवलाय, त्यात तुमचे आकडे भरा. गाळा दुसऱ्याच्या भरवशावर चालवताना रोजचा हिशेब कसा घ्यायचा, ते पुढच्या व्हिडिओत बघू.