मोटारीचा ‘अर्थ’



बाबा आमटे यांनीं १९७३ सालीं हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हां तो भाग चंद्रपूर जिल्ह्यांत मोडत असे. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ सालीं. आजहि पर्लकोटा नदीला मोठा पूर आला कीं भामरागडची वाट बंद पडते. अशा मुलखांत रुग्णाला घेऊन निघालेली व्हॅन रात्रीं रानांत अडली, तर तिच्यांतील विजेचा दोष ओळखणें ही केवळ कारागिराची विद्या राहत नाहीं.

आपल्या घरची ‘अर्थ’ची तार खरोखरच जमिनींत पुरलेली असते. मोटार मात्र रबरी चाकांवर उभी. तिचा ‘अर्थ’ म्हणजे तिचा लोखंडी सांगाडाच होय. वीज बॅटरीच्या धन टोकापासून तारेनें दिव्याकडे जाते आणि सांगाड्यांतून ऋण टोकाकडे परतते. सांगाड्याशीं तार जेथें आवळलेली असते, तेथें चिखलपाण्यानें गंज चढला, कीं ही परतवाट अडते. ओहमनें १८२७ सालीं मांडलेल्या नियमाप्रमाणें हिशेब करूं. स्टार्टर १५० अँपिअर ओढीत असेल व सांध्यांत एका ओहमचा केवळ शंभरावा भाग विरोध असेल, तरी दीड व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतात. दोष सांध्याचा, आणि बदलली जाते बिचारी बॅटरी!

तपासणी प्रथम पुरवठ्याची करावी. कांहीं तास विसावलेल्या चांगल्या बारा व्होल्टी बॅटरीवर मीटर सुमारें १२.६ दाखवितो; इंजिन चालू असतां सुमारें १४. नंतर मंद जळणारा दिवा लावून मीटरचें एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरें दिव्याच्या अर्थ-तारेला लावावें. आंकडा शून्याजवळ हवा. अर्ध्या व्होल्टाच्या वर गेला, तर दोष परतवाटेंत आहे. बॅटरीच्या धन टोकापासून दिव्यापर्यंतची बाजूहि अशीच पाहावी. दिवा लागलेलाच असावा. कारण वीज वाहत नसतां गंजका सांधाहि निर्दोष भासतो.

दोष सांपडल्यावर इंजिन बंद करून आधीं ऋण टोक सोडवावें, म्हणजे पान्हा चुकून सांगाड्याला लागला तरी ठिणगी उडत नाहीं. मग सांधा चकचकीत धातु दिसेपर्यंत घांसावा, घट्ट आवळावा व वरून ग्रीस लावावें. मृगापूर्वीं अर्धा तास यांत घालविला, तर आषाढांतील एखादी रात्र निभावून जाईल.