रूप, रंग आणि रास्त भाव

इंग्रजीतील जे शब्द शाळेच्या पहिल्या दोन-तीन इयत्तांतच मुलांच्या जिभेवर बसतात आणि ज्यांच्यासाठी कोश उघडण्याची गरज पुढे कुणाला सहसा भासत नाही, अशा शब्दांपैकी ‘फेअर’ हा एक होय. आणि तरीही मराठीत आणताना ज्या शब्दांपाशी लेखणी हमखास अडखळते, त्यांतही त्याची गणना करावी लागेल. गोरी मुलगी फेअर, सोनेरी केस फेअर, पावसानंतर उघडलेले आकाश फेअर, जहाजाला अनुकूल असलेला वारा फेअर, खाडाखोड टाळून वहीत उतरवलेली प्रत फेअर, प्रगतिपुस्तकातील जेमतेम समाधानाचा शेरा फेअर. आणि पंचाचा निर्णय, व्यापाऱ्याचा भाव, न्यायाधीशाची चौकशी हीही, त्यांत खोट नसेल तर, फेअरच. एवढ्या परस्परांपासून दूर असलेल्या वस्तू एका विशेषणाच्या छत्राखाली कशा आल्या, हे पाहू गेल्यास एका समाजाने सौंदर्य आणि सचोटी यांची सांगड कशी घातली याचा इतिहास हाती लागतो.

आरंभीच एक नाते तोडून टाकले पाहिजे. जत्रेला किंवा बाजाराला म्हणतात तो ‘फेअर’ या कुळातला नव्हे. तो लॅटिनमधील ‘फेरिया’ म्हणजे सणाचा दिवस या शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्लंडात आला. त्याचाच पोर्तुगीज भाऊ ‘फैरा’ त्या भाषेतील सोमवार ते शुक्रवारच्या नावांना चिकटून बसला आहे, आणि गोव्यात चर्चच्या फेस्ताला भरणाऱ्या बाजाराला कोंकणीत जी ‘फेरी’ म्हणतात ती त्याच घरची. आपल्या प्रभातफेरीशी तिचा संबंध नाही.

विशेषण असलेला ‘फेअर’ मात्र अस्सल अँग्लो-सॅक्सन. ‘फॅगर’ हे त्याचे जुने रूप, आणि पाहणाऱ्याचे मन प्रसन्न करणारे ते ‘फॅगर’, एवढाच त्याचा मूळ अर्थ. सुंदर स्त्री, सुंदर कुरण, सुंदर वाणी, सर्वांना तो सारखाच लागे. या सौंदर्यवाचक शब्दाने पुढे न्यायासनापर्यंत मजल मारली ती कोणत्या वाटेने, हे समजण्यास त्याच्या विरुद्धार्थी शब्दाकडे पाहावे. ‘फाउल’ म्हणजे मूळचे कुजलेले, नासलेले, दुर्गंधी सुटलेले. संस्कृतातील ‘पूति’ आणि आपल्या जखमेतला ‘पू’ हे त्याचे दूरचे पण निश्चित सगोत्र. ही जोडी शतकानुशतके फुटली नाही. हवा फेअर किंवा फाउल, खेळ फेअर किंवा फाउल; इतकेच काय, शेक्सपियरच्या काळी नाटककाराच्या खाडाखोडीच्या कच्च्या मसुद्याला ‘फाउल पेपर्स’ म्हणत आणि त्यावरून सुवाच्य उतरवलेली ती फेअर कॉपी. आपल्या मुलांची ‘रफ वही’ आणि ‘फेअर वही’ ही त्या व्यवहाराचीच आजची रूपे. म्हणजे सौंदर्य आणि न्याय यांच्यामधला सेतू निर्मळपणाचा आहे. ज्यावर डाग नाही ते सुंदर, आणि ज्या व्यवहारावर डाग नाही तो न्याय्य. आपल्याकडे ‘चोख’ शब्दाने हाच प्रवास केला आहे: संस्कृत ‘चोक्ष’ म्हणजे शुद्ध, त्यावरून चोख सोने, आणि सोन्यावरून चोख हिशेब, चोख माणूस. ‘फेअर’च्या अंतःकरणाशी सर्वांत जवळचा मराठी शब्द कोशकारांनी कोणताही दिलेला असो, मला तो ‘चोख’ वाटतो.

दुसरी वाट रंगाची, आणि ती मला खेदाची वाटते. जे सुंदर ते फेअर म्हणता म्हणता, ज्या समाजात गौरवर्ण हाच सौंदर्याचा दंडक होता तेथे गोरेपणालाही फेअर म्हणू लागले, आणि एलिझाबेथच्या अमदानीपर्यंत हे दोन अर्थ एकमेकांत इतके मिसळले की काळ्या केसांच्या, सावळ्या स्त्रीला सुंदर म्हणणे हा भाषेच्या दृष्टीनेच विरोधाभास ठरावा. शेक्सपियरच्या 1609 मध्ये छापल्या गेलेल्या सुनीतांत 127 व्यापासून जी कृष्णवर्णा नायिका येते, तिची वकिली करताना कवीला प्रथम या शब्दाशीच झुंजावे लागले आहे. मराठीत ही अडचण स्वभावतः नाही. ‘सावळे सुंदर’ ही दोन विशेषणे आपल्याकडे विठ्ठलाच्या पायांशी एकत्र नांदतात, आणि ‘नाकीडोळी नीटस’ म्हणताना आपण रंगाचा उल्लेखही करीत नाही. परंतु लग्नाच्या जाहिरातींत ‘गोरी, सुंदर’ हे जोडनाव ज्या सहजतेने छापले जाते आणि 1975 साली भारतीय बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध मलमाच्या नावात ‘फेअर’ हा शब्द 2020 पर्यंत ज्या दिमाखाने नांदला, ते पाहता विठ्ठलाच्या रंगाचे कौतुक देवळातून घरी येईपर्यंत टिकत नाही, हे मान्य करावे लागते.

प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्याविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. उत्तमाचा वाचक असलेला शब्द वापरून वापरून झिजतो आणि ‘चालण्यासारखा’ एवढ्यावर येऊन ठेपतो. संस्कृत ‘वर’ म्हणजे श्रेष्ठ. त्याचा मराठी ‘बरा’ झाला, आणि आज ‘मुलगा बरा आहे’ म्हटले की ऐकणारा पुढची चौकशी करतो.

खरी कसोटी न्यायाच्या अर्थाची. इंग्रजीत या अर्थाचे पर्याय विपुल आहेत: ‘जस्ट’, ‘ईक्विटेबल’, ‘इम्पार्शल’, ‘रीझनेबल’. परंतु हे सारे लॅटिन-फ्रेंच घराण्यातले, दरबारी; घरातले मूल खाऊची वाटणी पाहून ओठ काढते तेव्हा त्याच्या तोंडी त्यांपैकी एकही येत नाही, ‘फेअर’च येतो. न्यायाधीश पूर्ण निःपक्षपाती असूनही कायदाच अन्यायाचा असू शकतो, तेव्हा ‘इम्पार्शल’ त्याची जागा घेऊ शकत नाही. ‘जस्ट’मध्ये वरून उतरणाऱ्या न्यायाचा गंभीर स्वर आहे, तर ‘फेअर’मध्ये समोरासमोर बसलेल्या दोघांनी आधी मान्य केलेला नियम पाळल्याचे समाधान आहे. जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1958 मधील निबंधात आणि पुढे 1971 च्या ग्रंथात न्यायाची सारी इमारत या घरगुती शब्दावर उभारली ती याच कारणासाठी. अ‍ॅना व्हिएर्झबिका या विदुषीने 2006 मध्ये असे प्रतिपादन केले की ही कल्पना खास इंग्रजीभाषकांची आहे, आणि जर्मनांनी तर हा शब्द जसाच्या तसा उचलला, हे खरेच. पण शब्द नसला म्हणजे जाणीव नसते, हे मला मान्य नाही. आपल्या अंगणात आट्यापाट्या खेळणारी पोरे ‘हा रडीचा डाव झाला’ म्हणून ओरडतात तेव्हा त्यांना काय म्हणायचे असते?

मराठीने या अर्थासाठी एक शब्द निवडला नाही, अनेक ठेवले, आणि तेही बहुतांशी फारसी-अरबी अमदानीतले. शिवछत्रपतींच्या आज्ञेने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, तरी ‘रास्त’ आणि ‘वाजवी’ बाजारातून हलले नाहीत. रास्त म्हणजे सरळ, खरे. दादाभाई नौरोजींनी 1851 साली मुंबईत गुजराती पत्र काढले त्याचे ‘रास्त गोफ्तार’ हे नाव सत्यवक्ता या अर्थीच होते. वाजवीच्या मुळाशी अरबी ‘वाजिब’, म्हणजे कर्तव्य म्हणून बंधनकारक. आज सरकारी कागदावर इंग्रजी ‘फेअर’ आला की शिधापत्रिकेवरील धान्याच्या दुकानाला ‘रास्त भाव’ लागतो, तर 1894 चा जुना कायदा बाजूला सारणाऱ्या 2013 च्या भूमिसंपादन कायद्याच्या नावात ‘वाजवी भरपाई’ येते. ही निवड सहज झाली असेल, पण अर्थपूर्ण आहे. धान्याचा भाव वजनकाट्यावर सरळ उतरला की तो रास्त. वडिलोपार्जित जमिनीची किंमत कोणत्याही काट्यावर सरळ उतरत नाही, तेथे बाजारमूल्य, ग्रामीण भागासाठी त्याचा गुणक आणि वर शंभर टक्के दिलासा रक्कम देऊनही फार तर वाजवीपर्यंत पोहोचता येते. मनेका गांधी खटल्यात 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यक्तिस्वातंत्र्य हिरावणारी कार्यपद्धती कशी असावी हे सांगताना ‘जस्ट’, ‘फेअर’ आणि ‘रीझनेबल’ ही तीन विशेषणे एकत्र वापरली. ‘न्याय्य, रास्त आणि वाजवी’ असे त्यांचे भाषांतर करताना आपल्या भाषेला नवी उसनवारी करावी लागत नाही.

मात्र शब्दाचा अर्थ कोशात ठरला तरी त्याचा आकडा कोण ठरवतो, हा प्रश्न उरतो, आणि तो कोल्हापूर-सांगलीच्या ऊसपट्ट्यात दर हंगामाला उभा राहतो. उसाची किमान वैधानिक किंमत जाऊन तिच्या जागी 2009-10 पासून ‘रास्त आणि किफायतशीर दर’, इंग्रजीत ‘फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस’, आला. तेव्हा तो साखरेच्या साडेनऊ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 129.84 रुपये होता, 2025-26 साठी सव्वादहा टक्के उताऱ्याला 355 रुपये आहे. नावात दोन विशेषणे आहेत ती उगाच नव्हेत: पिकवणाऱ्याला सरळ वाटावे ते रास्त, आणि पदरात चार पैसे उरावेत ते किफायतशीर. बांधावरचा शेतकरी मात्र या दोहोंना ‘एफआरपी’ या तीन अक्षरांत गुंडाळतो आणि पुढे विचारतो ते हे: तोडणी-वाहतूक वजा जाता हातात किती, कारखान्याचा काटा खरा का, उतारा मागच्या वर्षीचा धरणार की यंदाचा, आणि रक्कम एकरकमी की हप्त्याने? 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने शेवटच्या प्रश्नापुरते उत्तर देऊन ठेवले आहे: ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे, आणि विलंब झाल्यास त्यावर वर्षाला 15 टक्के व्याज.