‘रिव्हायव्हल’ म्हणजे धर्मांतर का? कोल्हापूरचा वायल्डर, केडगावचं मुक्ती मिशन आणि एका शब्दाची गोष्ट

मोठं स्टेज, कीबोर्डवर चढत जाणारी धून, हात वर करून रडणारी माणसं आणि वर ठळक अक्षरांत ‘रिव्हायव्हल’. असं रील तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आलं असेल. खाली कमेंट्समध्ये दोन गट पडलेले असतात. एक लिहितो ‘हालेलुया’, दुसरा लिहितो ‘बघा, धर्मांतर सुरू आहे’.

पण रिव्हायव्हल आणि धर्मांतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि या विषयाचा इतिहास अमेरिकेतून नाही, थेट कोल्हापूर आणि पुणे जिल्ह्यातूनही सांगता येतो.

रिव्हायव्हल म्हणजे काय?

मराठी ख्रिस्ती मंडळींमध्ये यासाठी ‘उज्जीवन’ किंवा ‘संजीवन’ असे शब्द वापरतात. म्हणजे विझत आलेल्या श्रद्धेत पुन्हा जीव येणं.

वारीच्या भाषेत सांगायचं तर गळ्यात माळ आहे, पण पंढरीची वाट कित्येक वर्षांत धरलेली नाही. मग एक दिवस कीर्तनात बसल्यावर डोळे भरून येतात आणि माणूस पुन्हा वारीला निघतो. त्याने धर्म बदललेला नसतो, जे होतं तेच नव्याने धरलेलं असतं.

म्हणजे रिव्हायव्हल आधी घडतं ते ख्रिस्ती असलेल्या माणसांमध्ये. त्या उत्साहातून पुढे बाहेरच्या लोकांपर्यंत प्रचार पोचतो, हेही खरं. वाद सुरू होतो तो या दुसऱ्या टप्प्यावर.

मग इव्हँजेलिकल कोण?

हा एखादा वेगळा पंथ नाही, तर प्रोटेस्टंट चर्चमधला एक प्रवाह आहे. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये त्याच्या चार खुणा सांगितल्या: बायबल सर्वोच्च मानणं, येशूच्या क्रूसावरच्या बलिदानावर भर, प्रत्येकाने स्वतः मनापासून परिवर्तन अनुभवणं आणि तो विश्वास कृतीत व प्रचारात उतरवणं.

पेंटेकॉस्टल त्यांच्या जवळचे, पण एक पाऊल पुढचे. पवित्र आत्म्याचा प्रत्यक्ष अनुभव, अनोळखी भाषेत प्रार्थना, प्रार्थनेने आजार बरा होणं यावर त्यांचा भर असतो. रील्समध्ये दिसणाऱ्या बऱ्याच सभा या धाटणीच्या असतात.

कोल्हापूरचा संबंध कुठे येतो?

१८५२ च्या अखेरीस रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले. शहरातलं वायल्डर मेमोरियल चर्च त्यांचंच नाव सांगतं. १८७० मध्ये अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मिशनने इथलं काम हाती घेतलं. पुढे याच मिशनच्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उघडलं. मिरज आज वैद्यकीय उपचारांसाठी ओळखली जाते, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

वायल्डर यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. १८८६ मध्ये अमेरिकेत माउंट हर्मन इथे विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं. परदेशात मिशनरी म्हणून जायला तयार आहात का, हा प्रश्न तिथे लावून धरणाऱ्यांमध्ये रॉबर्ट पुढे होता. शिबिर संपेपर्यंत १०० तरुण तयार झाले. त्यातून ‘स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट’ उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत तिच्यातून सुमारे २० हजार जण जगभर गेले. एका जागतिक चळवळीमागे कोल्हापुरात जन्मलेला मुलगा होता, हे आज कोल्हापुरातही फार जणांना माहीत नसेल.

केडगावात १९०५ मध्ये काय झालं?

वायल्डर बाहेरून आलेल्या मिशनची गोष्ट. महाराष्ट्रातलं सगळ्यात गाजलेलं रिव्हायव्हल मात्र एका मराठी बाईच्या संस्थेत झालं. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

संस्कृत विद्वत्तेमुळे १८७८ मध्ये कोलकात्यात त्यांना ‘पंडिता’ ही पदवी मिळाली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण धर्म आपल्याला मिळाला होता, ख्रिस्त भेटला तो त्यानंतर आठेक वर्षांनी, अशा अर्थाचं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. कागदावरचा धर्म आणि आतला अनुभव यांत इव्हँजेलिकल लोक जो फरक करतात, तो हाच.

दुष्काळात अनाथ झालेल्या मुली आणि विधवांना रमाबाईंनी दौंडजवळच्या केडगावात मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला. १९०४ मध्ये ब्रिटनमधल्या वेल्समध्ये रिव्हायव्हलची लाट आली. वेल्श मिशनऱ्यांमुळे ती १९०५ मध्ये खासी टेकड्यांत पोचली. वेल्समधल्या बातम्या ऐकून रमाबाईंनी केडगावात रोजची प्रार्थना सुरू केली. सुरुवातीला साधारण ७० जणी होत्या, जूनपर्यंत ५५० झाल्या. जूनच्या अखेरीस मुली मोठ्याने रडू लागल्या, आपल्या चुका सगळ्यांसमोर कबूल करू लागल्या, तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या.

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरून पेंटेकॉस्टल चळवळ जगभर गेली असं मानतात. ती सुरू झाली एप्रिल १९०६ मध्ये, म्हणजे केडगावनंतर. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी केडगावच्या अनुभवावर पुस्तिका लिहिली. ती दक्षिण अमेरिकेतल्या चिलीत राहणाऱ्या त्यांच्या मैत्रिणीच्या हाती पडली आणि १९०९ मधल्या तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीला त्यातून प्रेरणा मिळाली.

वाद तेव्हाही होता?

होता, आणि जोरात होता. १८९३ मध्ये रमाबाईंच्या पुण्यातल्या शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवलं जातंय, असा आरोप झाला. ‘केसरी’ने टीका केली, अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या आणि रानडे-भांडारकरांसारख्या सुधारकांनी सल्लागार मंडळ सोडलं.

तेव्हाचा प्रश्न आजही टोकदार आहे. जेवण, निवारा आणि शिक्षण ज्या संस्थेकडून मिळतं, तिचाच धर्म स्वीकारणं कितपत मोकळ्या मनाने होतं? दुसरी बाजू अशी की, ज्या मुलींना घरी कुणी बोलूही देत नव्हतं, त्या इथे शेकडो लोकांसमोर उभ्या राहून स्वतःबद्दल बोलल्या. मुक्तीची गोष्ट या दोन्ही बाजूंसकटच वाचावी लागते.

आकडे काय सांगतात?

महाराष्ट्रात २००१ च्या जनगणनेत सुमारे १०.५८ लाख ख्रिस्ती होते, २०११ मध्ये १०.८० लाख. लोकसंख्येतला त्यांचा वाटा १.०९ टक्क्यांवरून ०.९६ टक्क्यांवर आला. देशात तो दोन्ही वेळा २.३ टक्क्यांच्या आसपास होता.

मग सभा एवढ्या मोठ्या का दिसतात? जुन्या चर्चमधली माणसं नव्या स्वतंत्र चर्चकडे जातात, हे एक कारण. एकूण संख्या तीच राहते, गर्दीची जागा बदलते. जनगणना पंथ मोजत नाही, त्यामुळे हा बदल तिच्यात दिसत नाही.

पण आकड्यांनाही मर्यादा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आज फक्त हिंदू, शीख आणि बौद्धांना मिळतो. सवलती जाऊ नयेत म्हणून काही जण कागदावर धर्म बदलत नाहीत, असं अनेक अभ्यासक म्हणतात.

कायदा काय म्हणतो?

राज्यघटनेचं कलम २५ धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क देतं. पण प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं. शिवाय महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा कोणत्याही धर्माच्या माणसाला लागू होतो. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणं हा त्याखाली गुन्हा आहे.

म्हणून पुढचं रील शेअर करण्याआधी तीन गोष्टी बघा. जमलेली माणसं आधीपासूनच ख्रिस्ती आहेत का? कुणाला धाक किंवा आमिष दाखवल्याचा पुरावा आहे का? आणि प्रार्थनेसोबत औषध बंद करायला सांगितलं जातंय का?

पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि बाकी दोन्हींचं ‘नाही’ असेल, तर ती फक्त प्रार्थनासभा आहे. तिला ‘धर्मांतर’ असं कॅप्शन लावलं, तर रविवारी चर्चला निघालेल्या एखाद्या कुटुंबाच्या दारात जमाव येऊ शकतो. आणि तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर ‘रिव्हायव्हल’ म्हणून कौतुकाने शेअर केलेला तोच व्हिडिओ एखाद्या पेशंटच्या जिवावर बेतू शकतो.