किल्लारीचा हादरा आणि निदानाची चौकट

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून दमलेली गावं गाढ झोपेत होती. किल्लारी परिसराची जमीन हादरली आणि माळवदाच्या घरांच्या दगडमातीच्या भिंती झोपलेल्यांच्या अंगावर कोसळल्या. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. वाचलेल्या कित्येकांना पुढे छपराखाली झोपायचीही धास्ती वाटू लागली. जरा कुठे आवाज झाला, की छातीत धस्स व्हायचं.

दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी अशा काही भूकंपग्रस्तांची तपासणी केली. त्यांचा अहवाल १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना मानसिक आजार जडला होता. त्यात आघातानंतरचा तणावविकार, म्हणजे पीटीएसडी, आणि नैराश्य यांचं प्रमाण सर्वांत जास्त होतं.

पण पीटीएसडी हा मलेरियासारखा, निसर्गातच वेगळा असलेला आजार आहे का?

मलेरियाचा परजीवी रक्ताच्या थेंबात दिसतो. पीटीएसडी दाखवणारी रक्ततपासणी अजून नाही. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या पाठपुराव्यानंतर अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये हे निदान मानसिक आजारांच्या आपल्या निदान-पुस्तकात घेतलं. २०१३च्या आवृत्तीत त्याची २० लक्षणं चार गटांत विभागली आहेत आणि प्रत्येक गटातली किमान संख्या ठरलेली आहे. गॅलॅट्झर-लेवी आणि ब्रायंट या संशोधकांनी हिशोब मांडला, तेव्हा निदान होण्याच्या ६,३६,१२० वेगवेगळ्या जुळण्या निघाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत तीनच मुख्य गट आहेत. शिवाय ‘गुंतागुंतीचा पीटीएसडी’ हे वेगळं निदान तिथे आहे, अमेरिकी पुस्तकात ते नाही. त्यामुळे एकच माणूस एका पुस्तकाप्रमाणे रुग्ण ठरतो, दुसऱ्याप्रमाणे ठरत नाही.

म्हणून त्रास खोटा ठरत नाही. भयानक स्वप्नं, दचकणं, त्या जागेकडे पाय न वळणं या गोष्टी युद्धांनंतर आणि भूकंपांनंतर पुन्हापुन्हा एकत्र दिसल्या आहेत, आणि आघातावर केंद्रित उपचारांनी कित्येकांना आराम पडतो. लातूर जिल्ह्यातलं शिरूर अनंतपाळच बघा: ते पूर्वी निलंगा तालुक्यात होतं, मग वेगळा तालुका झाला. शिवार तेच राहिलं, हद्द तेवढी सरकारने आखली. पीटीएसडीचंही तसंच आहे: वेदना खरी, तिची हद्द समितीने आखलेली.

संशोधनाला आणि मदतीच्या नियोजनाला अशी हद्द लागतेच. दवाखान्यात मात्र दोन लक्षणं कमी भरली म्हणून, रात्रभर डोळ्याला डोळा न लागणाऱ्या बाईला तसंच परत पाठवणं चुकीचं आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं, आणि त्यासाठी आधी निदान झालेलं असावं लागत नाही.