वाढलेली प्रोस्टेट : अडथळा एक, कारणे दोन

पन्नाशीनंतर अनेक पुरुषांना रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते. धार बारीक होते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो. 'वयच झालं' असे म्हणून बहुतेक जण हे अंगावर काढतात. मधुमेहातही रात्री लघवी जास्त होते, म्हणून तपासणी आवश्यकच असते. पण या तक्रारींमागे पुष्कळदा प्रोस्टेटची म्हणजे पुरःस्थ ग्रंथीची वाढ असते. ही वाढ कर्करोगाची नव्हे.

तरुणपणी ही ग्रंथी अक्रोडाएवढी, सुमारे २० ग्रॅम वजनाची असते. ती मूत्राशयाच्या लगेच खाली असून मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. ती वाढली की मार्ग आवळला जातो. मात्र अडथळ्याचे कारण केवळ आकार नसते. ग्रंथीत आणि मूत्राशयाच्या तोंडाशी अनैच्छिक स्नायू असतात. त्यांचा ताण वाढला की वाट आणखी अरुंद होते. त्यामुळे ग्रंथी किती मोठी यावरून त्रास किती हे ठरत नाही. कारणे दोन, म्हणून औषधेही दोन प्रकारची.

पहिला प्रकार स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा. टॅमसुलोसिन हे त्यांपैकी एक. काही दिवसांतच धार सुधारते. ग्रंथी मात्र तेवढीच राहते. एकदम उठून उभे राहिल्यास चक्कर येऊ शकते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत या औषधामुळे डोळ्याची बाहुली पुरेशी मोठी होत नाही, म्हणून नेत्रतज्ज्ञांना ते आधी सांगावे.

दुसऱ्या प्रकाराचा धागा वेगळ्याच ठिकाणी मिळाला. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषाची लक्षणे उमटत. ज्युलियन इंपेराटो-मॅकगिन्ली व सहकाऱ्यांनी १९७४ साली याचा उलगडा केला. टेस्टोस्टेरॉनचे अधिक प्रभावी संप्रेरकात रूपांतर करणारे विकर त्यांच्यात अपुरे होते. मोठेपणीही त्यांची प्रोस्टेट लहानच राही. मग हेच विकर औषधाने रोखले तर? त्यातून आलेल्या फिनास्टेराइडला अमेरिकेत १९९२ साली मान्यता मिळाली.

या औषधाने ग्रंथी साधारण पाव हिश्शाने आक्रसते. पण गुण यायला सहा महिने लागू शकतात आणि औषध थांबवले की ती पुन्हा वाढते. काहींची कामेच्छा कमी होते. शिवाय कर्करोगाच्या शंकेसाठी रक्तातील 'पीएसए' मोजतात, त्याचा आकडा या औषधाने जवळजवळ निम्मा होतो. डॉक्टरांना हे ठाऊक नसेल तर वाढलेला आकडाही निर्धोक भासेल. ग्रंथी मोठी असल्यास दोन्ही औषधे एकत्र देतात.

लघवी वारंवार तुंबत असेल, मूत्रपिंडांवर ताण येत असेल किंवा मूत्राशयात खडे झाले असतील, तर शस्त्रक्रिया करावी लागते. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून विजेच्या तारेने किंवा लेसरने आतला वाढलेला भाग काढतात. पोटावर छेद घ्यावा लागत नाही.

एक गोष्ट घरोघरी माहीत हवी. सर्दीच्या काही गोळ्या हेच स्नायू आवळतात, तर काही मूत्राशयाचे आकुंचन मंदावतात. वाढलेली प्रोस्टेट असलेल्या माणसाची लघवी अशा गोळीने अचानक बंद होऊ शकते. तेव्हा सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. नळी घालून मूत्राशय रिकामे करता येते. लघवीतून रक्त गेल्यास तेही वयाच्या खात्यावर टाकू नये.