शाळा शिकवते काय आणि आपण सांगतो काय?

मंडळी, अंथुर्ण्यात उभं राहून कोरियाची गोष्ट कशाला, असं कुणाच्याही मनात येईल. पण दक्षिण कोरियाच्या एलजीचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात, रांजणगावला आहे. तळेगावचा मोटारींचा कारखाना ह्युंदाईने घेतला आहे. तिथल्या वस्तू आपल्या घरात आल्या. तिथली माणसं कशी जगतात, ते आज बघू.

१९५३ साली युद्ध थांबलं तेव्हा तो देश गरीब शेतकऱ्यांचा होता. आईबापांनी बैल विकून मुलांच्या फिया भरल्या. आपण विद्यापीठाला 'हस्तिदंती मनोरा' म्हणतो. तिथे लोक उपहासानं 'बैलाच्या हाडांचा मनोरा' म्हणू लागले. त्या शिक्षणावरच देश वर आला, हे खरंच.

पण पुढे एकाच परीक्षेला सगळं बांधलं गेलं. नोव्हेंबरातल्या त्या दिवशी कचेऱ्या उशिरा उघडतात आणि इंग्रजी ऐकण्याची चाचणी चालू असताना विमानंसुद्धा थांबवतात. शाळा सुटली की मुलं खासगी क्लासला. १९८० साली सरकारनं शिकवण्यांवर बंदीच घातली. शिकवण्या चोरून चालू राहिल्या आणि २००० साली तिथल्या घटना न्यायालयानं ती बंदी रद्द केली. कायद्यानं क्लास का थांबत नाही? कारण परीक्षेवर कॉलेज ठरतं, कॉलेजवर नोकरी आणि नोकरीवर लग्न.

मग गावात राहिलेल्या पोराचं काय? २००५ च्या सुमारास तिथे लग्न झालेल्या शेतकरी आणि मच्छीमार पुरुषांत साधारण तिघांतल्या एकाची बायको परदेशातली होती, कुणाची व्हिएतनामची, कुणाची चीनची. गावातल्या मुली शहरात गेल्या होत्या. आज तिथे खेड्यांतल्या शाळा मुलांअभावी बंद पडतात. २०२३ मध्ये एका बाईमागे सरासरी ०.७२ मूल, इतका जन्मदर खाली आला.

हे लांबचं वाटतं? डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या सोलापुरात लग्न न जमलेली पोरं मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली. लोक हसले. पण बागायती ऊस असलेल्या घरीही आज सोयरीक जमत नाही, हे आपण सगळे जाणतो.

यात मुलींचा दोष नाही. शेतातलं निम्मं काम बाईचं, सातबारा मात्र पुरुषाच्या नावावर. शरद जोशींनी 'लक्ष्मी मुक्ती' मोहिमेत बायकोच्या नावे जमीन करा म्हणून सांगितलं होतं. किती घरांनी केलं? आणि 'अभ्यास कर, नाहीतर गुरं राखशील' हे वाक्य कुठल्या पुस्तकात नाही, ते आपणच घरात म्हणतो. पोरीनं ते नीट ऐकलं, एवढंच.

कोरियानं बंदी घालून बघितली, तिनं काही झालं नाही. क्लास लावायचा तर लावा. पण शेतकरी नवरा नको म्हणणाऱ्या मुलीला समजवायला जाण्याआधी आपण तिला काय देणार, ते घराघरात बोलून घेऊ: जमिनीत नाव, पैशाच्या हिशोबात वाटा आणि निर्णयात मत.